केरबाने लावलेलं दप्तर

डोंगरापलीकडच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा शिपाई होता. ग्रामपंचायतीत तो रोजंदारीवर होता. पंचायत समितीचे साहेब तपासणीला येणार आणि दप्तर नीटनेटकं दिसलं तर केरबाला कायम करणार, असं ठरलं होतं. कायम झाला की लग्न. मुलीच्या बापाची तेवढीच अट होती.

दप्तराची मात्र पार दैना होती. अर्धा दिवस कागद शोधण्यात जाई, उरलेला अर्धा तो सापडत नाही हे सांगण्यात. कुणी अर्ज घेऊन आलं की ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणत, "पुढच्या आठवड्यात या." शेवटी ते केरबाला म्हणाले, "टेबलावर दिसेल ते लाल फडक्यात बांध, वर चिठ्ठी लाव आणि कपाटात टाक."

केरबाने बांधलं. दुपारी भाऊसाहेबांचा डबा काही सापडेना. संध्याकाळी सापडला, चिठ्ठीसकट: 'भाकरी-पिठलं, चालू वर्ष.'

"अरे शहाण्या, असं कोंडून ठेवायचं नसतं," भाऊसाहेब म्हणाले. "खिडकीत ठेवायचं. वारा लागला पाहिजे."

केरबाने खूणगाठ बांधली. दुसऱ्या दिवशी घरपट्टीच्या पावत्या आल्या, त्या त्याने खिडकीत ठेवल्या. वारा चांगलाच लागला. निम्म्या पावत्या ओढ्यात गेल्या, उरलेल्या शेळ्यांनी जमा करून घेतल्या.

"अरे, वर दगड नाही का ठेवायचा?"

मग सरपंच मालूताई आल्या. चष्मा टेबलावर काढून चहा पीत बसल्या. चष्मा अगदी हलका होता, उडालाच असता बिचारा. केरबाने दगड ठेवला.

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "मोलाची वस्तू जुन्या दप्तराच्या खोलीत ठेवावी. बाहेरून कुलूप घालावं. आणि कुणी कितीही ओरडलं तरी लेखी अर्जाशिवाय काही बाहेर काढू नये. कळलं?"

"कळलं की."

तपासणीचा दिवस उजाडला. "केरबा, आजचे साहेब आपल्याला लाखमोलाचे आहेत. जप त्यांना," असं बजावून भाऊसाहेब हार आणायला गेले. तेवढ्यात साहेब आले. कपाटातले लाल गठ्ठे बघून खूश झाले. खिशातून केरबाला कायम करण्याचा कागद काढून म्हणाले, "यावर सही करतोच. आधी जुन्या दप्तराची खोली बघू."

साहेब आत शिरले. केरबाने बाहेरून कुलूप घातलं.

"अरे, दार उघड."

"लेखी अर्ज लागतो, साहेब."

साहेब पुष्कळ ओरडले. घसा बसला तेव्हा त्यांनी अर्ज लिहिला. हातात एकच कागद होता, त्याच्याच पाठीवर लिहिला आणि दाराखालून सरकवला. केरबाने तो लाल फडक्यात बांधला, चिठ्ठी लावली, कपाटात टाकला.

भाऊसाहेब हार घेऊन धापा टाकत आले. "साहेब आले का रे?"

"आले. त्यांचा अर्जबी आला."

"कसला अर्ज?"

"बाहेर काढायचा."

भाऊसाहेबांच्या हातातला हार गळाला. "मग? तू काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही समद्यांना सांगता तेच," केरबा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात या."