बुडीत आबांचा ऊस

फार जुनी गोष्ट, कुणाच्या पणजोबालाही आठवायची नाही इतकी जुनी. डोंगराच्या पायथ्याला उसाचं एक गाव होतं. हिवाळ्यात गुऱ्हाळं पेटली की वाऱ्यालासुद्धा गोड वास यायचा.

पण रस आटवायचा म्हणजे चुलवाणाच्या भट्टीला लाकूड लागतं. होता होता डोंगर बोडका झाला आणि गावचा झरा करंगळीएवढा उरला. शिल्लक राहिली ती झऱ्याच्या उशाची देवराई.

पाटील म्हणाले, "पुढच्या हंगामाला तीच तोडावी लागंल. देवाला कौल लावू, दुसरं काय!"

झरा गेला की गाव गेलं, हे त्या गावात एका म्हाताऱ्या आबांना दिसत होतं. त्यांना एक खोड होती. लाकूड किंवा कष्ट वाचवायची नवी खटपट कुणी मांडली की ते पाठीशी उभे राहायचे, तेही आधी, सगळं गाव हसत असताना. बैल द्यायचे, दोर द्यायचे, जागा द्यायचे. म्हणायचे, "जमलं तर चौथा वाटा माझा. नाही जमलं तर काय चुकलं ते खरं सांगायचं."

एका लोहारानं ऊस पिळायचा घाणा फिरवायला ओढ्यात चाक बसवलं, ते पुरानं नेलं. एका सुतारानं वाऱ्यावर फिरणारा घाणा उभारला, त्याचे पंखे फाटले. गावानं म्हाताऱ्याचं नावच पाडलं, बुडीत आबा.

अशात गूळ करणाऱ्या गुळव्याची लेक येसू आली. "आबा, पिळलेली चिपाडं आपण फेकून देतो. तीच जाळली तर? पण करून बघायला ऊस कोण देणार?"

आबांनी आपला सगळा ऊस दिला.

"आणि वर्षभर आपण काय खायचं? चिपाडं?" आबांच्या म्हातारीनं विचारलं. आबा नुसते हसले.

येसूनं चुलवाण पेटवलं. जाळ कमी, धूरच जास्त! रस कढेना, गूळ बसेना. रस कढवायच्या काहिलीत काळा चिकटा तेवढा राहिला.

पाटलांनी बोट बुडवून पाहिलं. "आबा, गाडीच्या चाकाला वंगण बरं होईल हे!"

लोक खदखदून हसले. अर्धा ऊस गेला होता. येसू डोळे पुसत बसली. आबा हळूच तिच्याजवळ टेकले.

"काय चुकलं गं पोरी?"

कुणाची नजर लागली, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "घाई केली, आबा. चिपाडं ओली होती. आणि आत जाळ कोंडला. वारा कुठून घ्यावा ते मला कळंना."

तेवढ्यात गर्दीतून सुतार पुढं आला. "वाऱ्याचं मला विचार की! माझे पंखे उगाच फाटले का? ऊन कलतं तेव्हा ओढ्याकडनं वारा येतो, आणि दांडगा येतो. चुलवाणाचं तोंड तिकडं कर."

आबांनी उरलेल्या उसाकडं पाहिलं, मग म्हातारीकडं. म्हातारी म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? अर्धा ऊस काय उशाला घेऊन झोपायचाय?"

चिपाडं उन्हात खडखडीत वाळवली. चुलवाणाचं तोंड ओढ्याकडं फिरवलं. ऊन कललं, वारा सुटला, आणि जाळ असा घोंघावला की काहील उकळ्या फोडू लागली. लाकडाची एक काटकी लागली नाही. सकाळी ढेप फोडली तर आत सोन्यासारखा रवाळ गूळ!

पाटलांनी खडा तोंडात टाकला. लगेच दुसऱ्या खड्यासाठी हात पुढं केला.

पुढच्या हंगामाला गावातल्या एकूणएक चुलवाणाचं तोंड ओढ्याकडं होतं. देवराईला कुऱ्हाड लागली नाही. डोंगरावर पुन्हा झाडं धरली, झरा खळखळू लागला. आबांच्या घरी चौथ्या वाट्याच्या गुळाच्या ढेपा आढ्याला टेकल्या. म्हातारी येईल त्याच्या हातावर खडा ठेवून सांगायची, "घ्या, आमच्या चिपाडांचा आहे!"

आबांनी मात्र लोहाराला बोलावणं धाडलं. "पूर कुठवर येतो ते आता तुला कळलंय ना? मग या खेपेला चाक वर बसव. बैल माझे."

या वेळी कुणी हसलं नाही. दोर धरायला पाटील स्वतः आले.

बाळांनो, खऱ्या मनानं केलेल्या खटपटीला जो आधी हात देतो, त्याचं बुडालेलंसुद्धा एक दिवस साऱ्या गावाला तारतं.