याकूतबीची बैठक

आंबेखारच्या खाडीत शिडाची गलबतं यायची, त्या फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तिथल्या मिठागरात याकूतबी नावाची एक सिद्दी बाई मीठ वाहायची. तिचे पूर्वज आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेले. आलेले कसले, आणलेले. रंगाने काळीभोर, आणि उंच इतकी की स्वतःच्या झोपडीतही वाकून शिरायची.

बाकीच्या बायांच्या डोक्यावर एक टोपली असे, तिच्या डोक्यावर दोन. का, तर हबशीण दमत नाही, असं म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांनी जन्मात टोपली उचलली नाही, ते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मिठागराचा मालक खोत तर पाहुण्यांना बांधावर आणून दाखवायचा, ही बघा आमची पोलादाची बाई. पाहुणे मान डोलवायचे. कौतुक फुकट असतं, आणि ते केलं की टोपलीत आणखी एक फावडं मीठ ओतता येतं.

तिची आई मरियमबी, तिलाही पोलादाचीच म्हणायचे. एका उन्हाळ्यात ती त्याच बांधावर टोपल्यांसकट कोसळली आणि पुन्हा उठली नाही. खोत हळहळला, पण सांडलेल्या मिठासाठी. हे सांगताना माझं अजून डोकं फिरतं. आईला माती मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी लेकीला कामावर बोलावणं आलं.

पुढे एका वैशाखात गलबत मिठासाठी येऊन थांबलं होतं. ओहोटी लागण्याआधी ते भरून जायला हवं होतं. बांधाच्या मधोमध याकूतबीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पायाखाली बघते, तर आई पडली ती हीच जागा. तिने दोन्ही टोपल्या उतरवल्या आणि ती खाली बसली.

बांध एका पावलाचा. मागची सगळी रांग अडली. मागे कोंडाई नावाची आगरी बाई होती. ती कळवळून म्हणाली, "काय झाला गो? पोटुशी हाय का? ताप हाय? तसा सांग, म्हणजे खोत सोडेल."

"काही झालेलं नाही," याकूतबी म्हणाली. "दमले, म्हणून बसले."

असं त्या बांधावर आजवर कुणी बोललंच नव्हतं. कोंडाईनेही टोपली उतरवली आणि तीही बसली. मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची.

खोत धावत आला. झोपडी मोडून गावाबाहेर काढीन म्हणाला. कुणी म्हणालं, हिला झपाटलंय, उतारा टाका. बाई बसली तर तिला भूतच लागलेलं असणार, दुसरं काय! चार गड्यांनी ओढलं, ती हलली नाही. बैल जुंपले, तर कासरे तटातट तुटले, असं म्हणतात. ओहोटी लागली आणि गलबत रिकामं गेलं.

मग पुढची भरती आली, ती बांध ओलांडून. मिठाची रास विरघळून खाडीला मिळाली. खोताच्या कमरेला पाणी लागलं, पण बसलेल्या बायांचे पदरही भिजले नाहीत, असं म्हणतात. शेवटी खोत म्हणाला, "बाई, ऊठ. यापुढे एकच टोपली. झोपडीला हात लावणार नाही."

"उठेन," ती म्हणाली. "मला वाटेल तेव्हा."

ती उठली तेव्हाच पाणी उतरलं. कुणी सांगतात, ती तिथेच समुद्रात विलीन झाली. मला हे पटत नाही. बाई जड झाली की लोक तिला विलीन करून टाकतात. ती घरी गेली, पोटभर आमटीभात जेवली, केसांना तेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपली. पुढे ती चांगली म्हातारी होऊन गेली.

त्या जागेवर आता एक रुंद दगड आहे, याकूतबीची बैठक. त्यावर बसलेल्या बाईला गावात कुणी हाक मारत नाही. आंबेखारची मुलगी, मग ती सिद्द्यांची असो की आगऱ्यांची, सासरी निघाली की आधी तिथे बसते. ती आपणहून उठेपर्यंत सासरची माणसं सामान डोक्यावर घेऊन उन्हात उभी राहतात.

मागच्या लग्नात एक नवरी बराच वेळ बसली. सासूबाई चुळबुळत जवळ आल्या आणि बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं.

"बरं आहे की," नवरी म्हणाली. "दमले, म्हणून बसले."