दस्तगीर मिस्त्रीचा उतार

फार वर्षांपूर्वी, मोटारसायकलींना कार्बोरेटर असायचे त्या काळी, करंबेळी घाटाच्या पायथ्याला दस्तगीर मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. मिस्त्री नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायचा. गाडी लांब वळणावर असतानाच तो चहाचा पेला खाली ठेवून नेमका हवा तो पाना उचलायचा, असं म्हणतात.

त्याच पायथ्याला गुणाजी राहायचा. दर गुरुवारी बंदरावरचे बांगडे बर्फात घालून तो मोटारसायकलवर घाट चढायचा आणि वरच्या पेठेत विकायचा. पेठेचा नियम कडक. ओळीने तीन गुरुवार जागा रिकामी राहिली की ती दुसऱ्याची. गुणाजीच्या जागेवरच्या दगडावर त्याच्या आईने हयात काढली होती.

आणि गुणाजीला अवदसा आठवली. गाडी लवकर चढावी म्हणून त्याने इंजिनाला हवा गाळून देणारा डबा काढून टाकला, सायलेन्सरच्या आतली जाळी उपटली. आवाज असा झाला की शेजारच्या कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं, असं म्हणतात. गाडी मात्र अर्ध्या घाटात धापा टाकून बंद पडू लागली. दोन गुरुवार मासे वाटेतच नासले. गुणाजीचं डोकं चालेना. वाट मोकळी केली की पाणी जोरात वाहतं, मग ही का अडते?

"नाक मोठं केलंस नि घास तेवढाच ठेवलास," मिस्त्री म्हणाला. "उपाशी चढेल कशी ती?"

पेट्रोल ज्या पितळी जेटच्या भोकातून येतं, ते भोक त्याने सुईने रुंद केलं. गाडी वाघासारखी निघाली आणि वर जाऊन काळा धूर ओकत थांबली. "आता अजीर्ण झालं. वर हवा पातळ, तिथं एवढं पचत नाय," मिस्त्री म्हणाला. गुणाजी आणखीच गोंधळला. काल उपाशी, आज अजीर्ण, आणि गाडी तर तीच.

खरं सांगायचं तर मिस्त्रीही गोंधळला होता. त्या फुटक्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. इंजिनाचं पोट कळायला प्लगचा रंग बघावा, तर गाडी खाली येईपर्यंत तो बदललेला. बुधवारी दिवसभर तो जेटचं भोक कथलाचा डाग देऊन बुजवत होता आणि पुन्हा उघडत होता. शेवटी म्हणाला, "वडाच्या वळणापर्यंत पूर्ण रेस देऊन जा. तिथं इंजिन बंद कर, क्लच दाब नि तसाच घरंगळत ये. मधे चालू केलीस तर प्लग खोटं बोलेल."

"नि बंद गाडी खरं बोलते?" गुणाजीने विचारलं.

"तुला नाय कळलं तरी चालेल. तू ये."

सहा वेळा गुणाजी मुकाट्याने घरंगळत आला. प्लग पांढरा निघाला, म्हणजे उपाशी; काळा निघाला, म्हणजे अजीर्ण; पुन्हा पांढरा निघाला. सातव्या खेपेला तो चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा निघाला. मिस्त्रीने तो फडक्यावर ठेवला, गाडीत नवा बसवला आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला.

गुरुवारी बर्फ विरघळायच्या आत गुणाजी आईच्या दगडावर बसला होता. पहिल्या गिऱ्हाइकाने दोन बांगडे उचलले. त्याची नखं तेलाने काळी होती. गुणाजीने मान वर केली तर समोर दस्तगीर मिस्त्री. मिस्त्रीला तर गुणाजी पायथ्याला पाने पुसताना सोडून आला होता, आणि घाटात एकही गाडी गुणाजीच्या पुढे गेली नव्हती. "तुम्ही वर कसे?" असं विचारेपर्यंत मिस्त्री गर्दीत दिसेनासा झाला.

बाजार आटोपून गुणाजी परतला. वडाच्या वळणावर हात आपोआप चावीकडे गेला आणि तो घरंगळत खाली आला. गॅरेज उघडं होतं. प्लग फडक्यावर होता, चहा अर्धा होता, मिस्त्री नव्हता. तो पुन्हा कुणालाच दिसला नाही. "जागा राहिली, एवढं तरी सांगायचं होतं त्यांना," म्हणून गुणाजी तिथेच बसून रडला.

पेठेत त्या दगडावर अजून पहिले दोन बांगडे बाजूला ठेवतात. दुपारपर्यंत ते नाहीसे होतात. मांजर नेत असेल, असंही म्हणतात.

आताच्या गाड्यांना कार्बोरेटर नाही, जेट नाही. तरी वडाचं वळण आलं की घाट उतरणारा प्रत्येक जण इंजिन बंद करतो, आणि तेवढा उतार नुसता चाकांचा आवाज येतो. गॅरेजचं जोतं तेवढं उरलंय. तिथे गाडी टेकते, माणूस हळूच म्हणतो, "मिस्त्री, जागा राहिली," आणि मगच गाडी चालू करतो. ज्यांची पेठेत कधी जागाच नव्हती, तेही म्हणतात. कुठली जागा, ते त्यांना सांगता येत नाही.