येणाऱ्याच्या ताटाची कहाणी

ऐका गव्हाणीतल्या बाळा, तुमची कहाणी.

आटपाट बंदर होतं. तिथं रेमेतबाय नावाची विधवा होती. तिला एकुलती लेक, लुझिन. लुझिननं आपल्या मनानं एका खलाशाशी लग्न केलं. रेमेतबाय म्हणाली, “तू मला मेलीस.”

त्या बंदराचा एक वसा होता. नाताळच्या आदल्या दिवशी उपास करावा. गव्हाण मांडावी. दाराची कडी काढून ठेवावी. एक ताट ज्यादा वाढावं, ते येणाऱ्याचं. का? तर बाळाच्या माउलीला त्या रात्री कुणी दार उघडलं नव्हतं म्हणून.

मग नाताळची आदली सांज झाली. रेमेतबायनं गव्हाण मांडली. नवा पेंढा अंथरला. ताट वाढलं. गावात असं ताट कुणाचं नव्हतं, तिनंच दहा घरी सांगितलेलं!

मग म्हातारा भिकारी आला. “बाय, पोटात आग पडलीय.” ती म्हणाली, “हे ताट येणाऱ्याचं. तू पुढं हो.” आता तो मेला आलाच होता ना! पण सांगतो कोण?

मग मिठागरावरची मजुरीण आली. “बाय, पोर उपाशी आहे.” ती म्हणाली, “हे ताट येणाऱ्याचं. तू पुढं हो.”

मग लुझिन आली. “आय, माझा धनी बुडाला. सासरच्यांनी हाकललं. कळा येताहेत गं, आत घे.”

“माझी लेक मेली. तू पुढं हो.”

“मग गव्हाणीतला पेंढा तरी दे. खाली अंथरीन.”

“तो बाळाचा आहे,” रेमेतबाय म्हणाली, आणि कडी घातली.

मग रेमेतबाय देवळात मध्यरात्रीच्या प्रार्थनेला, मिस्सेला गेली. परत आली. पेंढ्यावर मातीचं बाळ निजवलं, त्याचा मुका घेतला.

सकाळी शेजारची फिलू आली. कडेवर तान्हं. म्हणाली, “रेमेत, तुझी लुझिन माझ्या म्हशींच्या गोठ्यात बाळंत झाली. पोरगी जगली. लुझिन गेली.”

रेमेतबायनं ऊर बडवला. हात पसरले. “माझी नात मला दे गं!”

फिलू म्हणाली, “ज्यानं दार उघडलं त्याची ही. तू पुढं हो.”

नात समोरच्याच अंगणात वाढली. आजीची पायरी कधी चढली नाही. रेमेतबाय दर नाताळला दार सताड उघडं ठेवी, ताट वाढी. ताट गार होई.

हसू नका बायांनो, तुमच्याही कड्या मला ठाऊक आहेत. रेमेतबायला मिळालं ते फळ तुम्हां आम्हां कुणाला न मिळो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरी संपूर्ण. सुफळ कोणत्या तोंडानं म्हणू? उठा, आधी कडी काढा, मग हात जोडा.