वल्ह्यांची कमान

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. तेव्हा राजे होते, आरमारं होती आणि पोकळ भाषणंही होती, एवढं कळलं की पुरे.

समुद्रकाठच्या एका राज्यात पावसाळा सरून दर्या निवळला, की राजाची गलबतं मोहिमेवर निघत. ती आठ-आठ महिने परतत नसत. निघायच्या दिवशी मोठा थाट असे. ढोल वाजत, नारळ फुटत, आणि राजा धक्क्यावर उभा राहून सांगे, "खलाशांनो, निर्धास्त जा. तुमची घरं ती आमची घरं!" मग शिडं दिसेनाशी होत, राजाची पालखी गडावर जाई, आणि पुढचे आठ महिने त्या घरांकडे काळं कुत्रंही फिरकत नसे.

खलाशांच्या आळीनं त्या भाषणावर कधी भरवसा ठेवला नव्हता. त्यांची स्वतःची एक रीत होती. मोहिमेवर निघणारा प्रत्येक जण आपल्या होडीचं वल्हं शेजाऱ्याच्या दाराशी उभं करून जाई. ज्या दाराशी वल्हं, त्या दाराच्या बाईनं वल्हेवाल्याचं घर सांभाळायचं. छप्पर शाकारायचं असो, पोराला ताप असो, समुद्रावरून वाईट खबर आलेली असो, तिनं उठून जायचं. सांगावं लागायचं नाही, मागावं लागायचं नाही. आणि ती वल्ही काही नुसती शोभेची नव्हती. बायका त्यांनीच होड्या हाकत आणि खाडीपलीकडून लाकूडफाटा, गोडं पाणी, औषधपाणी आणत. खाडीला वळसा घालून पायी जायचं तर अख्खा दिवस मोडे.

या आळीत म्हाळसा नावाची बाई राहत होती. पन्नाशी उलटलेली, नवरा दर्यानं नेलेला, एकुलता एक मुलगा आरमारात. जिभेला हाड नव्हतं तिच्या, पण मदतीला सगळ्यांत आधी तीच धावायची. तिच्या दाराशी त्या वर्षी शेजारच्या रायबाचं वल्हं उभं होतं. रायबा निघाला तेव्हा त्याची बायको चिमा नुकतीच गरोदर राहिली होती. वल्हं टेकवताना तो एवढंच म्हणाला होता, "काकी, पैलंच हाय तिचं."

"जा रे, मी मेले नाय अजून," म्हाळसा म्हणाली होती.

आठ महिने म्हाळसानं चिमाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. तिची पेज, तिचं तेल, तिचे डोहाळे, सगळं केलं. दुपारी दोघी धक्क्यावर बसत आणि समुद्राकडे बघत. बोलायला तसं काही नसे. पण वाट बघायची ती दोघींनी बघितली की जरा हलकी होते, हे आळीतल्या पोरीबाळींनाही ठाऊक होतं.

शेवटी एक हलकी होडी खबर घेऊन आली. आरमार पाच दिवसांत परततंय, आणि स्वागताला खुद्द राजा धक्क्यावर येणार आहे!

झालं, बंदराच्या कारभाऱ्याच्या अंगात आलं. हा कारभारी जन्मात कधी समुद्रावर गेला नव्हता. खाडी ओलांडतानासुद्धा तो डोळे मिटून काठ घट्ट धरून बसे. आठ महिन्यांत आळीची वाट त्याला सापडली नव्हती, ती त्या दिवशी बरोबर सापडली. बायकांना गोळा करून तो म्हणाला, "धक्क्यावर कमान उभारायची आहे. साधीसुधी नाही, तुमच्या दारांशी उभ्या असलेल्या वल्ह्यांची! महाराज स्वतः बघतील. यात तुमचा मान आहे, तुमच्या धन्यांचा मान आहे."

म्हाळसानं विचारलं, "आणि आम्ही पलीकडं जायचं कसं?"

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, बाई! चार दिवस नाही गेलात पलीकडे, तर काय आभाळ कोसळणार आहे?"

म्हाळसा गप्प बसली. म्हाळसा, आणि गप्प! याचा तिला पुढे जन्मभर राग येणार होता. पण खरं सांगायचं तर तिलाही मोह पडला. आठ महिने ज्यांना कुणी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नव्हतं, त्यांना आता राजा बघणार होता. म्हातारीनंसुद्धा भुलावं असाच तो मोह होता. तिनं रायबाचं वल्हं स्वतःच्या हातानं पुसलं, त्याला तेल लावलं आणि कारभाऱ्याच्या माणसांकडे दिलं. सगळ्यांनीच दिली. एकेचाळीस वल्ही गेली. कारभाऱ्यानं ती केशरी-पिवळी रंगवली आणि हातभर लांबीचे खिळे ठोकून त्यांची कमान उभी केली. कमान देखणी झाली होती, खोटं कशाला बोला.

आरमार यायच्या आदल्या दिवशी सकाळी चिमाला कळा सुरू झाल्या.

आळीतल्या म्हाताऱ्या सुईणीनं पोटावर हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. "मूल आडवं हाय गो. हे माज्या हातचं नाय. पलीकडची गोदा मूल फिरवते, तिला आणा. पण आत्ता आणा."

बायका किनाऱ्याकडे धावल्या. होड्या वाळूवर होत्या, एकेचाळीसच्या एकेचाळीस. वल्हं एकही नव्हतं. बांबूनं रेटत जावं तर खाडी मधोमध खोल. गडाची एक नाव होती, पण तिला राजासाठी नुकताच रंग दिला होता आणि तो वाळायचा होता म्हणे! हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

म्हाळसा कारभाऱ्याकडे गेली. तो ढोलवाल्यांची तालीम घेत होता. तिला पाहून त्यानं हातानंच थांब म्हणून खूण केली. ती थांबली. ढोल वाजत राहिले आणि तिकडे चिमा ओरडत राहिली. एक तालीम झाली, दुसरी झाली. मग साहेबांना सवड झाली.

"काय आहे?"

"चार वल्ही द्या, कारभारी. पोर अडलीय. पलीकडून सुईण आणायची हाय. दुपारच्या आत परत आणून लावते."

"काढायची? कमानीतून?" कारभाऱ्याला ते ऐकूनच धाप लागली. "खालची चार काढली तर अख्खी कमान खचेल. उद्या महाराज येणार आहेत!"

"उद्या महाराज येतील हो. पोरीला आज कळा लागल्यात."

"बायका रोजच बाळंत होतात, बाई. महाराज रोज येत नाहीत." आणि मग तो माणूस, लक्षात ठेवा हं, तो सुका माणूस वर तिला उपदेश करायला लागला. "शूरांच्या घरच्या ना तुम्ही? मग जरा धीर धरायला शिका."

म्हाळसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "धीर? आठ महिने दुसरं काय खाल्लं आम्ही? तूच शिकव मला धीर! तुजी बायको रोज रात्री तुला समोर बसवून जेवते, आणि तू मला धीर शिकवतोस?"

ती तिथून निघाली ती थेट कमानीकडे. वाटेत तिनं एका ओट्याला टेकवलेली पहार उचलली. मागून आळी आली, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, सगळ्या. धक्क्यावर दोन पहारेकरी होते. एकानं भाला आडवा केला. दुसऱ्याचा भाऊ आरमारात होता. त्यानं त्या भाल्याला हात घालून तो खाली केला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

म्हाळसानं पहार घातली. खिळे करकरले. एक वल्हं सुटलं, मग दुसरं, मग कमानीचा एक पाय धाडकन खाली आला. कारभारी लांबून "राजद्रोह! राजद्रोह!" म्हणून किंचाळत होता. त्याच्याकडे बघायला कुणालाही वेळ नव्हता.

म्हाळसासकट चौघीजणी होडीत बसल्या. ओहोटी जोरात लागली होती. कळा लागल्या तेव्हाच निघत्या तर भरतीनं त्यांना अलगद पलीकडे नेलं असतं. आता खाडी त्यांना समुद्राकडे ओढत होती. नव्या रंगानं वल्ही हातातून निसटत होती. तळवे सोलले, तरी त्या पलीकडे पोचल्या आणि गोदेला घेऊन आल्या.

गोदेनं मूल फिरवलं. चिमा वाचली. मूल रडलं नाही. मुलगी होती.

हात धुताना गोदा म्हणाली, "दोन घटका आधी आणली असतीत ना मला, तर रडवून दाखवली असती तिला."

त्या दोन घटका कुठे गेल्या, हे म्हाळसाला ठाऊक होतं. एक घटका ढोलांच्या तालमीत गेली होती आणि एक परवानगी मागण्यात. दुसऱ्याचं सोडा, पण आपलंच वल्हं घ्यायला आपण विचारायला का गेलो, या प्रश्नानं तिचा जीव जळत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरमार आलं. कारभाऱ्यानं रातोरात माणसं लावून कमान पुन्हा उभी केली होती, आणि मोडक्या जागा आंब्याच्या डहाळ्यांनी झाकल्या होत्या. राजा ओवाळणीचं ताट घेऊन कमानीखाली उभा होता. ढोल घुमत होते. फक्त आळीतली एकही बाई आली नव्हती.

"घरची मंडळी कुठे आहेत?" राजानं विचारलं.

"सजताहेत, महाराज," कारभारी म्हणाला.

खलाशी गलबतांवरून उतरले, हसत, एकमेकांना ढकलत, धावत कमानीपाशी आले आणि जागच्या जागी थबकले. प्रत्येकानं आपापलं वल्हं ओळखलं. रंग दिला म्हणून काय झालं, ज्याची मूठ आपल्या हातानं घडवली ते वल्हं कुणाला ओळखू येणार नाही? मग एक म्हातारा तांडेल हळूच म्हणाला, "वल्ही हितं लटकवलीत. मग आमची घरं कुणाच्या दाराशी होती?"

राजाला तो प्रश्न कळला नाही. खलाशांना कळला. त्या कमानीखालून एकही जण गेला नाही. ते धक्क्यावरून खाली उतरले आणि गुडघाभर चिखल तुडवत आळीकडे धावत सुटले. राजा ताट घेऊन तसाच उभा राहिला. ऐकायला कुणी उरलं नाही तेव्हा ढोलही थांबले.

रायबाला म्हाळसा दारातच भेटली. तिचा मुलगाही मागून येत होता, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"चिमा?" रायबानं विचारलं.

"हाय. वाचली." म्हाळसा म्हणाली. "तुजी लेक नाय वाचली. तुजं वल्हं मी दिलं रे बाबा. मान देतो म्हणाले, आणि मी दिलं."

रायबानं तिचे फडक्यानं बांधलेले हात हातात घेतले, आणि दोघंही आत गेली.

थोड्या वेळानं राजा स्वतः आळीत आला. पालखी चिखलात येईना, म्हणून पायी आला. मागून कारभारी "महाराज, यांनीच कमान मोडली," म्हणत येत होता. म्हाळसा बाहेर आली. तिनं मुजरा केला नाही. जे घडलं ते तिनं पहिल्यापासून सांगितलं. स्वतःची चूकही झाकली नाही. आणि शेवटी म्हणाली, "महाराज, तुमची घरं ती आमची घरं, असं तुम्ही म्हणाला होता. तुमच्या घरी काल सून अडली असती, तर नावेचा रंग वाळायची वाट बघितली असती का?"

राजा रायबाच्या ओट्याशी गेला. रायबा उठला नाही, आणि राजानं त्याला ऊठ म्हटलं नाही. एवढी तरी अक्कल त्याला होती.

मग त्यानं दोन हुकूम दिले. त्या बंदरात पुन्हा कधी कमान उभी राहणार नाही, हा पहिला. दुसरा कारभाऱ्यासाठी होता. त्याची पगडी उतरली, आणि दरवर्षी आरमार गेल्यापासून परतेपर्यंत आळीची होडी वल्हवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. कुठलीही बाई हाक मारेल, तेव्हा निघायचं. तालीम चालू आहे म्हणायचं नाही.

पुढे तो ते काम करायला शिकला. पहिल्या महिन्यात हाताला फोड आले, दुसऱ्यात डोळे उघडे ठेवून बसता येऊ लागलं. आळीतल्या बायका त्याला कधी टाकून बोलल्या नाहीत. म्हाळसा मात्र शेवटपर्यंत त्याच्या होडीत बसली नाही. तिला पलीकडे जायचं असलं की ती स्वतः वल्हवत जाई. "शिक्षा झाली, चांगलं झालं," ती म्हणे. "पण पोरगी कुठं परत आली?"

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या मोठ्या माणसांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो अडल्या वेळी हात देत नाही, त्याला विजयाच्या दिवशी हार घालायचा हक्क नाही.