ग्रहणाची मडकी

भाविकहो, श्री केवळानंद महाराज त्या वर्षी खैरदरा गावी राहिले होते. गाव टेकडीच्या उतारावर वसलेले. वर मालगुजारांची आळी, खाली मजुरांची. महाराजांनी आसन मांडले ते खाली, सारजेच्या झोपडीपुढे. सारजेच्या मांडीवर चार महिन्यांची लेक आणि मुखी सदा नाम.

ग्रहण सुटले की वरची माणसे घरातली जुनी मडकी विटाळली म्हणून उतारावरून खाली ढकलून देत. तिथे ढीग साचला. मग खालचेही आपली राख त्यातच टाकू लागले. सारजासुद्धा!

दत्तजयंतीच्या सकाळी मालगुजारीण चंद्रभागाबाई कोतवालाला घेऊन खाली आल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "दुपारी पालखी इथूनच जायची, आणि ही घाण! यांना आवडतंच असं राहायला. पाड रे झोपड्या."

"मालकीणबाई, पौषाची थंडी तोंडावर आली जी. पोरीला घेऊन कुठं जाऊ?" सारजा रडू लागली.

"नाम घेतेस ना? मग नामाच्या छपराखाली नीज! आधी झाडू धरायला शीक."

महाराजांनी विचारले, "सारजे, झाडत का नाहीस?"

"झाडत होते जी महाराज. लग्न होऊन आले तेव्हा रोज झाडायची. सकाळी झाडावं, दुपारी वरून पुन्हा पडावं. पाण्याला कोसभर जायचं, अंगात जोर उरत नाही. मग वाटलं, आपली जागाच कचरा टाकायची आहे. मीही टाकू लागले. चुकलंच माझं."

"खरं बोललीस, माय," महाराज म्हणाले.

कोतवालाने पहार उचलली. महाराज उठले, ढिगातले एक खापर हाती घेऊन त्यावरची धूळ फुंकरीने उडवली आणि म्हणाले, "बाळांनो, आपापल्या घरी जा."

काय सांगावे! खापराला खापर जुळू लागले. बघता बघता अख्खी मडकी उभी राहिली आणि चढावर, होय, चढावर गडगडत निघाली! कोतवालाची पहार गळून पडली. एक मडके सावकारांच्या ओट्यावर जाऊन बसले, दोन मडकी वैद्यांच्या तुळशीपाशी. सारजेची राखही तिच्याच चुलीपाशी येऊन पडली. चंद्रभागाबाई धावत घरी पोचल्या, तर उंबऱ्यात एकावर एक अकरा मडकी! त्यांच्याच हातची हळदीकुंकवाची बोटे त्यांवर ताजी दिसत होती. आत जायला वाट नव्हती.

"अगं बाई, ही सगळी माझीच!"

सगळे गाव पाहत होते. बाई तशाच अनवाणी खाली आल्या. महाराजांच्या पायांवर डोके ठेवून म्हणाल्या, "वरून टाकताना खाली माणसं आहेत हे मनातच आलं नाही, महाराज."

"आता आलं ना? मग कचऱ्याचा खड्डा कुठे खणायचा, तेही तूच सांग."

"माझ्या परसात. दोन्ही आळ्यांचं तिथेच पडेल. आणि पाण्याला यांनी माझ्या विहिरीवर यावं." कोतवालाकडे वळून त्या म्हणाल्या, "पहार उचल, चल खणायला. झोपड्यांना हात लावायचा नाही."

मग त्या सारजेपुढे वाकल्या. सारजा संकोचून मागे सरली, तर महाराज हसून म्हणाले, "वाकू दे गं तिला. चढ उतरायला फार वेळ लागलाय."