बांधाविषयी चार शब्द

त्या प्रदेशात पाणी उंचावर होते आणि वस्ती खाली. मध्ये मातीचा एक बांध होता. बांधाची राखण पाणकावळ्याकडे होती, डागडुजी खेकड्यांकडे, आणि या दोहोंविषयी बोलण्याचे काम साळुंकीकडे.

साळुंकी वठलेल्या सावरीच्या ढोलीत बसे. खोड आतून पार पोकळ असल्यामुळे तिथली कुजबुजही वस्तीच्या टोकापर्यंत स्पष्ट ऐकू जाई. रोज सकाळी एकेक पाहुणा बोलावून ती त्याला वस्तीच्या अडचणी विचारी. सशांच्या बिळांतली ओल, साळिंदरांची अरेरावी, सारे तिथे निघे. आणि जे ढोलीत बोलले गेले ते मार्गी लागले असे धरायचे, अशी त्या प्रदेशाची रीतच पडली होती. एकदा बोलून झालेली अडचण पुन्हा उकरून काढणारा असभ्य समजला जाई.

बांधाला भेग पडली ती प्रथम एका खेकडीला दिसली. तिचे बीळ भेगेच्या अगदी खाली होते, आणि तिची पिल्ले अजून तिच्या पोटाशी बिलगलेली होती. आळीतले चौदा खेकडे जमवून ती रोज सकाळी भेगेत चिखल भरू लागली. यांनी सकाळी भरावा आणि पाण्याने दुसऱ्या सकाळपर्यंत तो ओढून न्यावा. तिथे दगड हवे होते, आणि दगड लोटायला रानडुकरांचे बळ.

ती पाणकावळ्याकडे गेली. तो पंख पसरून खडकावर उभा होता.

"बाई, पंख वाळत घातलेत. वाळले की पहिले काम तुमचेच."

"काल वाळले नव्हते?"

"वाळले होते की! मग बुडी मारावी लागली. तलावाची पाहणी नको का करायला?" एवढे बोलून त्याने चोचीतला मासा गिळला.

खेकडीने नाइलाजाने सावरीची वाट धरली. साळुंकी हरखून गेली. "उद्याच या, मावशी. मात्र नुसते भेग-भेग करू नका हं, ऐकणारे कंटाळतात. मन मोकळे करा."

दुसऱ्या दिवशी खेकडी ढोलीत चढली.

"भेग दिसली त्या क्षणी तुम्हांला काय वाटले?"

"वाटायचे काय? दगड हवेत. आजच हवेत."

"वा! किती ही कळकळ! तरी मंडळी, दुसरी बाजूही ऐकायला हवी." साळुंकीने पाणकावळ्याचा निरोप हुबेहूब त्याच्याच घोगऱ्या आवाजात ऐकवला: बांध भक्कम आहे, पाझरणे हा मातीचा स्वभावच होय.

मग खेकडी बोलत सुटली. भेग किती वाढली, चिखल किती तास टिकतो, दगड कुठे पडून आहेत, काहीही तिने वगळले नाही. शेवटी बोलणे पिल्लांवर आले. खाली घोरपडीने डोळे पुसले. आता उठतील, आता निघतील, असे मनाशी म्हणत खेकडीने ढोलीच्या काठावरून वाकून पाहिले.

कुणीही उठले नव्हते. उलट गर्दी वाढली होती. रानडुकरे पुढच्या रांगेत मांड ठोकून बसली होती. त्यांच्या मागे, धुतलेल्या नांग्या जुळवून, तिच्या आळीतले चौदाच्या चौदा खेकडे बसले होते.

"अगं, आज चिखल कुणी भरला?" तिने शेजारणीला हाक मारून विचारले.

"आज कसला चिखल? तुझे बोलणे होते ना! एक शब्द चुकवायचा नव्हता आम्हांला. आणि काय बोललीस, बाई! लागले हो एकदाचे मार्गी."

खेकडीने बांधाकडे पाहिले. भेगेच्या जागी आता खिंडार होते.

"पळा!" ती ओरडली. "पिल्ले उचला आणि वर पळा!"

"ऐका, मंडळी, ही तळमळ ऐका," साळुंकी हळुवार स्वरात म्हणाली.

खाली माना डोलल्या. गढूळ पाणी गवतातून सरकत आले, रानडुकरांच्या खुरांभोवती फिरले, खेकड्यांवरून गेले आणि सशांच्या पोटाला लागले. एका सशाने दचकून तोंड उघडले मात्र, चारी बाजूंनी त्याला दटावणी झाली:

"शू! ती बांधाविषयी बोलते आहे."